नक्षीकामाच्या गोल पटाश्या आणि मोगरी: पहिली खरेदी कशी करावी

शिकायला येणारी मंडळी पहिल्याच दिवशी मोबाइल पुढे करतात. "काकू, हा सेट घेऊ का?" बारा नग, लाकडी पेटी, चकाकणारी पाती, किंमत हजाराच्या आत. मी स्पष्ट नको म्हणते. त्या बारांतल्या चार-पाच पटाश्या जवळपास एकाच वळणाच्या असतात, दोन-तीन कधीच लागत नाहीत आणि बहुतेकांचं पोलाद मऊ असतं. सागावर थोडं काम झालं की धार बसते. मग लाकूड कापलं न जाता फाटायला लागतं आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपल्या हातातच कला नाही. चांगल्या हाताची माणसं अशी हत्यारापायी काम सोडून गेलेली मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

आमचा गाळा नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत आहे. तिथे सागवानी देवघरं बनतात. पेटीकाम दीर बघतात. महिरप, खांबावरची वेल, पायथ्याची कमळपट्टी हे कोरायचं काम माझं. मी ते सासऱ्यांकडून शिकले. त्यांच्या पेटीत तीसच्या वर हत्यारं आहेत, पण एक देवघर पुरं होईपर्यंत सात-आठच सतत हातात असतात. म्हणून माझा सल्ला असा: चांगली घ्या, एकेक करून घ्या आणि कोणती घ्यायची ते तुमच्या नक्षीवरून ठरवा.

आधी नक्षी काढा

कागदावर तुमचं पहिलं काम खऱ्या मापात काढा. समजा ८० मिलिमीटर व्यासाचं आठ पाकळ्यांचं कमळ आहे. पाकळीची बाहेरची कड एका वळणाची, टोकाजवळचं वळण त्याहून घट्ट, मधल्या गाभ्याचं वर्तुळ आणखी लहान. कोरताना ही वळणं आपण हाताने रेखत नाही. त्या वळणाची पटाशी उभी धरून मोगरीने, म्हणजे नक्षीच्या गोल हातोडीने, ठोकतो आणि ठसा उमटतो. वळण जुळलं तर दोन-तीन ठशांत पाकळी उभी राहते. नाही जुळलं तर प्रत्येक कड तासून सारखी करत बसावं लागतं, आणि पाहणाऱ्याला ती ओढाताण दिसते.

पाइलसारख्या मोठ्या कंपन्या आपल्या पटाश्यांच्या वळणांचा तक्ता खऱ्या मापात देतात. तो शंभर टक्के मापातच छापा. छापल्यावर मोजपट्टी लावून बघा, कारण प्रिंटर गुपचूप आकार कमी करतो. मग तक्त्यातली वळणं कापून चित्रावर ठेवा आणि पाकळीवर कोणती बसते, गाभ्यावर कोणती, ते लिहून काढा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यातून तुमची खरेदीची यादी आपोआप तयार होते.

तक्त्यावरचे आकडे कळायला हवेत. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जुन्या पद्धतीत १ म्हणजे सरळ सपाट पटाशी, २ म्हणजे तिरक्या धारेची. ३ पासून गोलाई सुरू होते. ३ नंबर जवळजवळ सपाट, ५ उथळ, ७ मध्यम, ९ साधारण अर्धवर्तुळ. ११ नंबरची पन्हळ, म्हणजे पात्याची आतली खोलगट बाजू, अर्धवर्तुळाहून खोल, भिंती सरळ वर गेलेल्या. पटाशीवर दोन आकडे असतात, पहिला गोलाईचा आणि दुसरा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. इथे नवे लोक हमखास गोंधळतात. ७ नंबरची ६ मिलिमीटर आणि ७ नंबरची २० मिलिमीटर या दोघी एकाच वर्तुळाच्या नसतात. दोघींचं वर्तुळ वेगळं, फक्त त्या वर्तुळाचा जो तुकडा उचलला आहे तो प्रमाणाने सारखा. रुंद पटाशीचं वर्तुळ मोठं असतं. त्यामुळे नुसता "सात नंबर द्या" म्हणून भागत नाही. शिवाय स्विस पाइलचे आकडे आणि शेफिल्डचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. दोन कंपन्यांची हत्यारं मिसळून घेणार असाल तर आकड्यावर विसंबू नका, वळण तक्त्यावर ठेवून बघा.

पहिल्या सहा

देवघर, चौरंग, नावाची पाटी, छोटा गणपती अशी कामं डोळ्यांसमोर असतील तर मी या सहा सांगते.

पहिली व्ही टूल, ६० अंशांची, ६ मिलिमीटर. रेखाटनाची कड हिनेच उघडते. पैसे एकाच हत्यारावर घालता येत असतील तर हिच्यावर घाला. व्ही टूल म्हणजे दोन सपाट पटाश्या तळाशी जोडलेल्या. दोन्ही भिंतींची जाडी सारखी नसेल तर धार लावताना एक बाजू आधी झिजते आणि तळाशी चोच निघते किंवा खाच पडते. स्वस्त व्ही टूल घरी सुधारताना अनुभवी माणसाचाही घाम निघतो. घेताना पन्हळीच्या तळाकडे नीट बघा. दोन भिंती जिथे मिळतात ती रेघ बारीक, सरळ आणि मधोमध हवी.

मग ११ नंबर ३ मिलिमीटर, देठ आणि पानांच्या शिरांसाठी. ९ नंबर १० मिलिमीटर, जिथे पटकन खोल जायचं आहे तिथे. ७ नंबर १४ मिलिमीटर ही माझी सर्वांत लाडकी. ओबडधोबड लाकूड काढायलाही तीच आणि पाकळीची कड ठोकायलाही तीच. ५ नंबर १२ मिलिमीटरने पाकळीला गोलाई येते. ३ नंबर १६ मिलिमीटरने पार्श्वभूमी सपाट होते. सपाट करायला साधी १ नंबर घेऊ नका, तिचे कोपरे लाकडात रुततात आणि रेघा पाडतात. ३ नंबरची किंचित गोलाई कोपरे वर ठेवते.

सातवी तिरकी पटाशी, साधारण १२ मिलिमीटर, अक्षरांचे आणि पानांचे कोपरे साफ करायला. ती महिन्याभराने घेतली तरी चालते.

वाकड्या पटाश्या आत्ता नकोत. पळीसारख्या वाकलेल्या पटाशीची गरज कधी पडते, तर खोलगट भागात सरळ पटाशीची मूठ काठाला अडते तेव्हा. ते काम समोर येईल तेव्हा घ्या. धारेकडे रुंद होत जाणारी, माशाच्या शेपटीच्या आकाराची पटाशी कोपऱ्यांत फार उपयोगी, पण तिचा रुंद भाग धार लावून लावून कमी होतो, म्हणून तीही नंतर.

हाताच्या पंजात मावणाऱ्या, बारा-तेरा सेंटीमीटरच्या छोट्या पटाश्यांबद्दल बरेच जण विचारतात. शिवणीसारख्या मऊ, एकसारख्या लाकडावर छोट्या मूर्तीसाठी त्या छान आहेत, फ्लॅटमध्ये आवाजही होत नाही. पण त्यांवर मोगरी मारायची नाही. मूठ फुटते, नाहीतर पातं मुठीतून हलतं. सागावर देवघर कोरायचं असेल तर पंचवीस सेंटीमीटरच्या आसपासची पूर्ण लांबीचीच घ्या.

हातात घेऊन तपासा

चकाकी बघू नका. एकदा मुंबईत मशीद बंदरच्या बाजूला एका दुकानात मी पटाशी उलटसुलट करून बघत होते, तर दुकानदार म्हणाला, "ताई, इम्पोर्टेड पॉलिश आहे." पॉलिश बाहेरून होती. आतल्या पन्हळीत ग्राइंडरच्या आडव्या रेघा तशाच होत्या. नेमकी तीच जागा महत्त्वाची. धार म्हणजे आतला पृष्ठभाग आणि बाहेरचा उतार जिथे भेटतात ती रेघ. आत रेघा किंवा खड्डे असतील तर बाहेरून कितीही घासा, धारेला बारीक दाते राहणारच आणि प्रत्येक कापावर त्यांचे ओरखडे उमटणार. पन्हळीत नख आडवं फिरवा. अडखळलं तर ठेवून द्या.

मग पातं डोळ्यांसमोर धरून टोकाकडून मुठीकडे बघा. धार, पातं आणि मूठ एका ओळीत हवीत. मूठ तिरकी बसलेली असेल तर मोगरीचा घाव धारेपर्यंत सरळ पोचत नाही आणि पटाशी एका बाजूला पळते. धारेकडून समोरून बघितलं की पात्याची जाडी दिसते. डावीकडे, उजवीकडे आणि तळाशी ती सारखी हवी. जाड पातं मजबूत वाटतं, पण लाकडात शिरताना ते पाचरीचं काम करतं आणि पातळ पाकळी फुटते. फार पातळ असेल तर घावाला थरथरतं.

धारेच्या टोकावर निळसर किंवा जांभळट झाक दिसली तर हत्यार घेऊच नका. ग्राइंडरवर पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं की तो रंग येतो, आणि तिथलं पाणी, म्हणजे तापवून दिलेला कडकपणा, उतरलेलं असतं. तेवढा भाग झिजवून आत जाईपर्यंत धार टिकणार नाही.

पोलादाची कठिणता डोळ्यांना दिसत नाही. चांगल्या नक्षीच्या पटाश्या रॉकवेल सी मापावर साधारण ५८ ते ६१ असतात. चेक प्रजासत्ताकातली नारेक्स आपल्या पटाश्यांसाठी ५९ च्या आसपासचा आकडा सांगते. पण स्थानिक हत्यारावर असा आकडा नसतो. त्यासाठी जुनी युक्ती: बारीक दातांची नवी कानस घ्या आणि धारेला न लावता, धारेच्या लगेच मागे उतारावर हलकेच ओढा. कानस घसरून गेली, जेमतेम खूण उमटली, तर पोलाद कडक आहे. कानशीने भुगा काढला तर मऊ. दुकानदार कानस लावू देत नसेल तर एकच पटाशी घ्या, घरी तपासा, ठीक निघाली तर त्याच मालातल्या बाकीच्या घ्या.

हे सगळं सागासाठी जास्त महत्त्वाचं आहे. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश, आणि ती धार खाते. शिवणीवर दिवसभर टिकणारी धार सागावर दुपारीच चामड्यावर फिरवावी लागते. शिसवीचं लाकूड कडक आणि उलटसुलट रेषांचं, पण सिलिकेचा त्रास तिथे तसा नाही. शिकणाऱ्यांना मी आधी शिवण देते. एमडीएफवर नक्षी शिकायचा हट्ट करू नका. त्यात रेषा नसतात, त्यामुळे रेषांच्या बाजूने आणि विरुद्ध कापण्यातला फरक हाताला कधीच कळत नाही, आणि त्यातला डिंक धार घालवतो तो वेगळाच.

उताराचा कोनही बघा. नुसत्या हाताने मऊ लाकूड कापायचं असेल तर १५ ते २० अंश चालतो. मोगरीने साग ठोकायचा तर २२ ते २५ हवा, नाहीतर धारेचा कपचा उडतो. कोन घरी बदलता येतो, त्यामुळे फक्त एवढ्यासाठी पटाशी नाकारू नका. पण उतार गोलसर, पोट सुटलेला असेल तर तो सपाट करण्यात तुमची संध्याकाळ जाईल हे धरून चाला.

मूठ अष्टकोनी असेल तर पटाशी टेबलावरून घरंगळत नाही. हे किरकोळ वाटेल, पण फरशीवर धार खाली पडलेली पटाशी पुन्हा वळणात आणायला किती वेळ लागतो ते एकदा पाहिलं की कळतं. मुठीच्या पात्याकडच्या टोकाला पितळी किंवा लोखंडी शेंबी घट्ट बसलेली हवी, बोटाने फिरता कामा नये.

कोणत्या कंपनीच्या, आणि लोहाराकडून घ्याव्यात का

स्वित्झर्लंडची पाइल मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण ती पेटीतून निघते तेव्हाच कामाला तयार असते आणि आतली पन्हळ गुळगुळीत असते. इंग्लंडच्या अ‍ॅशली आइल्स आणि हेन्री टेलर, जर्मनीची दोन चेरींच्या खुणेची किर्शन, ऑस्ट्रियाची स्टुबाई याही उत्तम. यांची एकेक पटाशी काही हजारांत जाते. नारेक्स त्यांच्या मानाने परवडते, पोलाद चांगलं, फक्त आतली पन्हळ आणि कोपरे घरी थोडे साफ करावे लागतात. पैसे बेताचे असतील तर व्ही टूल आणि ११ नंबर महागातली घ्या, कारण या दोन्हींचा आतला आकार घरी दुरुस्त होत नाही. ३, ५ आणि ७ नारेक्सच्या किंवा चांगल्या देशी घ्या. उथळ पन्हळ दगडाने सुधारता येते.

लोहाराची पटाशी कमी प्रतीची असते असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. सहारनपूरचे शिसवी कोरणारे कारागीर लाकडी मूठ नसलेली, सबंध पोलादाची हत्यारं वापरतात आणि त्यांवर लाकडी ठोकळ्याने मारतात. त्यांचं काम बघा, मग बोला. आमच्याकडेही सासऱ्यांची रुंद पटाशी ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून घडवलेली आहे. मुरबाड-शहापूरकडे कोयते-विळे घडवणारा लोहार ओळखीचा असेल तर कमानपाटा घेऊन जा. त्यात साधारण अर्धा-पाऊण टक्का कार्बन असतो, पटाशीला तो पुरतो. लोहाराला वळणाचा लाकडी नमुना द्या, तोंडी सांगू नका. पाणी देण्याबद्दल मात्र बोलून घ्या. लोखंडाला चुंबक चिकटेनासं झालं की त्याहून किंचित तापवून कोमट तेलात बुडवायचं, पाण्यात नाही, पाण्यात तडा जायची भीती असते. फक्त पुढचा अर्धा भाग कडक करायचा. मग पात्याचा काळा थर घासून चकचकीत करायचा आणि २०० ते २२० अंशांवर ओव्हनमध्ये तासभर ठेवायचं. फिकट गवती पिवळा रंग आला की झालं. ही शेवटची पायरी गाळली तर पटाशी काचेसारखी फुटते.

जुना माल हवा असेल तर चोर बाजारात फिरा. शेफिल्डचा शिक्का असलेल्या जुन्या पटाश्या अजूनही अधूनमधून सापडतात, आणि त्या पोलादाला तोड नाही. बाहेरचा गंज चालतो, घासला की जातो. आतल्या पन्हळीत, धारेपासून पहिल्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये गंजाचे खड्डे असतील तर सोडून द्या, कारण आधी सांगितलं तसं धार तिथूनच बनते. पातं किती उरलं आहे तेही बघा. कडक केलेला भाग धार लावून लावून संपलेला असेल तर नाव कितीही मोठं असो, हातात मऊ लोखंड उरतं.

नवी देशी हत्यारं बघायला मी नागदेवी स्ट्रीटला जाते. रबाळ्याहून ठाणे, ठाण्याहून स्लो लोकलने मशीद. शनिवारी सकाळी गेलं तर दुकानदाराला चार पटाश्या काउंटरवर मांडून दाखवायला सवड असते. परदेशी माल बहुतेक ऑनलाइनच मागवावा लागतो. मागवताना परतीची अट वाचा, आणि पार्सल उघडल्याबरोबर वरची तपासणी करा, दगड लावायच्या आधी. एकदा दगड लागला की परत कुणी घेत नाही.

मोगरी

पटाशीवर लोक महिना महिना विचार करतात आणि मोगरी म्हणून घरातली हातोडी उचलतात. लोखंडी हातोडीने लाकडी मुठीचं डोकं चेचलं जातं, मग ती उभी फुटते. सुताराची चौकोनी लाकडी हातोडी जोडकामाला ठीक, पण नक्षीत पटाशीचा कोन सतत बदलतो आणि चौकोनी हातोडी दर वेळी वळवून धरावी लागते. नक्षीची मोगरी गोल असते. कुठूनही मारा, तोंड सारखंच. डोळे धारेवर राहतात, मोगरीकडे बघावं लागत नाही.

वजन हा मुख्य मुद्दा. नव्या माणसाने साडेचारशे ते पाचशे ग्रॅमची घ्यावी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा, अंदाज करू नका. मला शिकणाऱ्यांमध्ये दिसतं ते असं की जड मोगरी घेणारा जोरात मारत नाही, घाबरत मारतो, आणि हलकी घेणारा खांद्यातून मारायला लागतो. दोन्हींत पटाशीवरचा ताबा जातो. योग्य वजनाची मोगरी मनगट आणि कोपरातून, चार-पाच इंचांच्या झोक्याने, टक टक टक अशी एका लयीत पडत राहते. हात दुखण्याआधी लय बिघडते. ती बिघडली की थांबायचं. रुंद पटाशीने ओबड काम काढायला सातशे-आठशे ग्रॅमची दुसरी मोगरी नंतर घेता येते. ३ मिलिमीटरच्या शिरांसाठी तीनशे ग्रॅमची पुरते, तिला छोटी पितळी मोगरीही छान, कारण वजन तेच पण आकार लहान.

आकारात दोन गोष्टी बघा. डोकं सरळ नळकांडं नको, मुठीकडे किंचित निमुळतं हवं. हात झोक्यात फिरतो तेव्हा मोगरी तिरकी येते, त्या निमुळतेपणामुळे तोंड पटाशीच्या डोक्यावर सपाट बसतं. दुसरं, मूठ. ती धरल्यावर बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकावीत. बायकांच्या आणि कॉलेजच्या मुलांच्या हाताला बाजारातली मूठ बहुधा जाड होते. ती कानशीने आणि पॉलिश पेपरने बारीक करून घ्या, त्यात काही बिघडत नाही.

लाकूड जड आणि गुंतलेल्या रेषांचं हवं. परदेशात लिग्नम व्हिटे नावाचं फार जड लाकूड यासाठी नावाजलेलं होतं. आता त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. आपल्याला त्याची गरजही नाही, बाभूळ आणि चिंच आहेत ना. खाटकाचा ओंडका चिंचेचा का असतो, तर रोज सत्तूर झेलूनही तो सहसा चिरत नाही. सोसायटीत किंवा गावात झाड छाटलं की जाडजूड फांदीचा तुकडा मागून आणा. दोन्ही टोकांना लगेच मेण किंवा जुना ऑइलपेंट फासा, नाहीतर टोकं आधी वाळतात आणि तडे जातात. सावलीत, हवेशीर जागी वर्षभर राहू द्या. मग खराद्याकडून, म्हणजे लेथवर लाकूड गोल करणाऱ्याकडून, डोकं आणि मूठ एकसंध उतरवून घ्या. डोक्याचा व्यास ७५ मिलिमीटर, उंची ११० मिलिमीटर, मूठ १३० मिलिमीटर असं माप दिलं की बाभळीत वजन साडेचारशेच्या आसपास भरतं. फांदीचा गाभा डोक्याच्या मधोमध येऊ देऊ नका, चीर तिथूनच सुरू होते. जाड फांदीच्या एका बाजूचा तुकडा घ्या.

रबरी हातोडी नको. ती उसळते, घावाचा जोर परत हाताकडे येतो. नायलॉन किंवा युरेथेनच्या गोल मोगऱ्या मात्र चांगल्या, आवाज कमी करतात, हातालाही मऊ जातात. घोडबंदर रोडच्या किंवा ऐरोलीच्या टॉवरमध्ये राहत असाल तर मी तीच सुचवेन. आवाज हा फ्लॅटमधला मोठा प्रश्न आहे आणि शेजाऱ्यांशी भांडून नक्षी होत नाही. टेबल खोलीच्या मधोमध न ठेवता कोपऱ्यात, कॉलमजवळ ठेवा. पायांखाली जिमची जाड रबर मॅट घाला. लाकूड क्लॅम्पने आवळा, सैल लाकूड दुप्पट वाजतं. दुपारी दोन ते चार मोगरी बंद, त्या वेळात हाताने करायचं बारीक काम करा.

दगड आणि पावसाळा

एकूण पैशातला एक तृतीयांश भाग धारेच्या सामानासाठी बाजूला ठेवा, सहाव्या पटाशीच्या आधी. १००० ग्रिटचा एक निसणा, म्हणजे धार लावायचा सपाट दगड, पन्हळीच्या आत जाणारा गोल कडेचा छोटा दगड, आणि एका फळीवर चिकटवलेला चामड्याचा पट्टा, त्यावर घासायला हिरव्या पॉलिशची वडी. पटाशी निसण्यावर आडवी नेताना मनगटाने एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गोल फिरवायची. दोन्ही कोपऱ्यांपाशी थांबू नका, ते गोल होतात. धार उजेडाकडे धरा. पांढरी रेघ दिसली तर ती बोथट जागा आहे. रेघ दिसेनाशी झाली की आतून हलकी बर, म्हणजे घासताना धारेवर वळलेली पोलादाची बारीक कड, काढा आणि चामड्यावर ओढा. शेवटची परीक्षा शिवणीच्या तुकड्यावर, रेषांना आडवा काप घेऊन. कापाच्या पन्हळीला ओलसर चमक हवी. पांढुरकी, केसाळ दिसली तर पुन्हा चामडं.

ऐरोली-रबाळ्याला खाडीचं वारं येतं, आणि जुलैत रात्रभरात पात्यावर तांबूस ठिपके उठतात. हत्यारं चामड्याच्या खिशांत ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि त्यातली रसायनं पोलादाला लागतात. जाड कापडाच्या गुंडाळीत ठेवा, पण काम झाल्यावर पातं पुसून त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवल्यावरच. खोबरेल चालतं, पण काही महिन्यांत चिकट होतं आणि सागावर डाग पाडतं. गुंडाळी बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि पुड्या गणपतीच्या आधी एकदा बदला. त्याच दिवसांत सगळ्यांत जास्त हात हत्यारांना लागतात, मखरांची कामं असतात, आणि घामाचे ठसे पुसायचे राहून जातात.